वारेमामांचा अंदाज

उद्या पान हलणार नाही, असं वारेमामांनी सांगितलं की गावात धांदल उडायची. गवताच्या गंजीवर दोर पडायचे, खुराड्यांवर दगड चढायचे, दोरीवरचं धुणं घरात यायचं. आणि मामा म्हणाले, "उद्या वारा सुटणार, सांभाळा," की मंडळी खुशाल पाय पसरून झोपायची.

मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. अख्खी नोकरी टेकडीपलीकडच्या सपाटीवर, खांबांवर चढण्या-उतरण्यात गेली. तिथे त्यांनी एक नियम पक्का केला होता: संध्याकाळी हवा पडली की दुसरा दिवस शांत. निवृत्त होऊन ते टेकडीच्या अलीकडे, मामींच्या माहेरगावी राहायला आले, तेव्हा सामानाबरोबर नियमही आला. इथे टेकडीमुळे सगळाच कारभार उलटा. संध्याकाळ जितकी गुपचूप तितकी सकाळ दांडगट. पण मामांना सांगणार कोण? ते रोज अंगणात उभे राहून ओलं बोट हवेत धरायचे, डोळे मिटायचे आणि दूध केंद्रावरच्या भोंग्यावरून अंदाज जाहीर करायचे. इतका हमखास चुकणारा माणूस मिळायला नशीब लागतं. गाव त्यांच्यावर निर्धास्त विसंबून होतं.

मामींना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण भोंग्यावरून परतताना नवरा छाती काढून चालायचा, ते त्यांना आवडायचं. म्हणून त्या गप्प बसायच्या आणि मामांची पाठ वळली की धुणं आत घ्यायच्या.

मग सुनेने मामांना नवा फोन पाठवला. त्यात वाऱ्याचा अंदाज दिसायचा. मामांनी आधी नाक मुरडलं, मग चोरून पाहिलं, आणि चार दिवस फोन खरा ठरल्यावर बोट खिशात घालून भोंगा गाठला. "उद्या सकाळी जोराचा वारा आहे. उंचावर कोणी चढू नका."

कुंपणापलीकडे शेजारचा सुतार छपरासाठी नवे पत्रे मोजूनमापून रचत होता. तो खुशीत म्हणाला, "ऐकलंत ना मामी? मामांनी वारा सांगितला. म्हणजे उद्या सकाळीच पत्रे चढवतो. जावईबापूही येतायत मदतीला."

मामी लगबगीने कुंपणाशी आल्या. "नको रे बाबा. आज त्यांनी फोनमध्ये बघून सांगितलंय."

"कुठेही बघू देत. सांगितलं मामांनीच ना?"

एकट्या सुताराला अडवून भागणारही नव्हतं. गावभर गंजी मोकळ्या पडल्या होत्या. मामा गुणगुणत घरी आले तेव्हा मामींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांचा जीव तुटत होता.

मामांनी मान खाली घालून ऐकलं. चहावर साय धरली.

"धुणं तू पण आत घ्यायचीस?"

"हो."

मामा उठले, चपला घातल्या आणि चालते झाले. आता हे गावाला चारचौघांत फैलावर घेणार, या धास्तीने मामी दारातच थांबल्या. थोड्या वेळाने भोंगा खरखरला.

"मंडळी, मघाशी माझी चूक झाली. उद्या पान हलणार नाही. छपराची कामं बिनधास्त उरकून घ्या."

सुताराने हातातला पत्रा तसाच खाली ठेवला आणि जावयाला फोन लावला, की उद्या येऊ नका. गावभर गंजींवर दोर पडले.

सकाळी वाऱ्याने असा धुमाकूळ घातला की दूध केंद्राची पाटी थेट तळ्यात गेली. छपरावर मात्र कोणी नव्हतं. दूध घालायला आलेले लोक हसून म्हणाले, "काय मामा, पान हलणार नव्हतं म्हणे."

"चुकलं बुवा," मामा डोकं खाजवत म्हणाले. तेही हसले.

संध्याकाळी त्यांनी दार लोटून फोन पाहिला. मग अंगणात येऊन, रस्त्यावरच्यांना दिसेल असं, बोट ओलं करून हवेत धरलं. फाटकाशी मामी उभ्या होत्या.

"आज काय सांगणार?"

"पान हलणार नाही म्हणून," मामा हळूच म्हणाले. "तू धुणं आत घे."