घशाला लागणारं तेल

औरंगपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून मनकर्णाबाई राहतात. त्यांचा कशावरच विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, हळदीच्या पुडीवर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही. उसनी नेलेली साखर मी परत केली की त्या ती चिमटीत धरून उजेडात बघतात. पण सगळ्यात मोठा संशय तेलावर. कन्नडकडच्या गावाहून घाण्याचं करडईचं तेल येतं, तेवढंच घरात चालतं. तेसुद्धा सरळ कढईत जात नाही. आधी थेंब तळहातावर, मग चोळून वास, मग जिभेवर, आणि मग गप्प बसून घशाशी काय होतंय ते बघायचं. तोवर सुनेनं गॅस बंद ठेवून उभं राहायचं.

अशा घरात सोनियानं ऑलिव्ह ऑइलची बाटली आणली. सोनिया ही त्यांची सून, घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. लेकीच्या, म्हणजे तनूच्या वाढदिवसाला तिला संत्र्याची साल किसून घातलेला ऑलिव्ह ऑइलचा केक करायचा होता. लोण्याचा केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, हा ओलसर राहतो, आणि तेलाचा कडसरपणा संत्र्याला शोभतो, असं तिनं मला मोठ्या हौसेनं सांगितलं.

मनकर्णाबाईंनी थेंब जिभेवर ठेवला. आधी ओल्या गवताचा वास, मग कडू, मग घशात मिरची. त्यांना ठसकाच लागला.

"हे खराब हाय. घशाला लागतंय," त्या म्हणाल्या.

सोनियानं समजावलं, की चांगल्या, ताज्या ऑलिव्ह तेलाची हीच खूण असते.

"खराब मालाला चांगला म्हणून इकणारे लई पाह्यले म्या. नातीच्या तोंडात हे जायचं नाय."

सोनियाला हसू आलं. तिचा नवरा गोकुळ पेपर वाचत होता. आई आणि बायको समोरासमोर आल्या की तो नेहमी पेपरच वाचतो.

पुढं बाटलीतलं तेल आपोआप कमी व्हायला लागलं. सोनियानं बाटलीवर पेनानं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तेल रेघेच्या खाली. तिनं देव्हाऱ्यातल्या दिव्याचा वास घेतला, तिथं करडई होती. मोरीत वाकून बघितलं, तिथं तेलकट काही नव्हतं. मी म्हटलं, म्हातारी गुडघ्यांना चोळत असेल. कारण दारातल्या पायरीवर पाय पसरून, लुगडं जरा वर घेऊन नडगीवर अंगठा दाबताना मी त्यांना रोज बघत होते. मला बघितलं की पाय झाकून घ्यायच्या. आता संशय घ्यायला एवढं पुरे की नाही?

सोनियाला मात्र वेगळंच वाटत होतं. केक होऊच नये म्हणून आत्याबाई तेल संपवताहेत, असं तिनं धरलं. "आत्याबाईंना तेलाचा नाही, माझाच संशय आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं संसार करून आपण अजून या घरात परक्याच, हे तिला फार लागलं होतं. मलाही म्हातारीचा राग आला.

वाढदिवसाला उरलेलं तेल कसंबसं पुरलं. संत्र्याचा वास आमच्या घरापर्यंत आला, तशी मीही तिकडं गेले. तनू नवा फ्रॉक घालून सुरी हातात घेऊन उभी राहिली आणि मनकर्णाबाईंनी हात वर केला.

"थांब."

त्या तिथंच खाली बसल्या. नडगीवर अंगठा रोवला, दाबून धरला, उचलला. कातडी जागेवर आली. दुसऱ्या पायाचंही तसंच केलं.

"खड्डा ऱ्हात नाय. दे आता पोरीला."

सोनियाचा तोल गेला. हा काय तमाशा चाललाय, तेल कुठं गेलं, एकदाचं सांगून टाका, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

मनकर्णाबाई जमिनीकडं बघत बोलल्या. लहानपणी त्यांच्या घरी बाजारातलं सुटं तेल आलं होतं. त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ होती. काही दिवसांनी धाकट्या भावाचे, कडुबाचे पाय सुजले. अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. कडुबा गेला.

"त्या तेलातली पहिली पुरी आईनं त्यालाच दिल्ती. लहाना म्हणून, लाडाचा म्हणून. तवापासून नवं तेल आधी माझ्या पोटात जातं. हे बी रोज चमचा चमचा खाल्लं, भाकरीवर, लसणाच्या चटणीत कालवून." मग नाइलाजानं म्हणावं तसं त्या म्हणाल्या, "वाईट नाय लागत. फोडणीत घातलं तर वास मरंल त्याचा. वरूनच घ्यावं."

गोकुळला हे माहीत नव्हतं. सोनिया त्यांच्यापाशी खाली बसली आणि त्यांच्या नडगीवर हात ठेवला.

"पुढची बाटली आणली की आपण दोघी खाऊन बघू, आत्याबाई."

"दोघी नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पोरीला आई लागती."

आणि त्यांनी पहिला तुकडा तनूच्या तोंडात घातला.