गिरणीतला फाटका स्कॅनर

"फाडलास का तो स्कॅनर?" बिभीषण नवरेपणाच्या तोऱ्यात ओरडला. "मोबाईलला एवढी भितीस?"

तिसगावातली पिठाची गिरणी सत्यशीला एकटी चालवायची. भिंतीवर त्यानं डकवलेला, मोबाईलवरून पैसे घ्यायचा क्यूआर कोडचा कागद तिनं सकाळीच ओरबाडून काढला होता.

"मोबाईलला न्हाई, तुमाला भिते! पीठ माझ्या नाकातोंडात, अन् पैसं तुमच्या खात्यात!"

"मग तुझ्या खात्याचा लाव की!"

"त्या खात्याला तरी नंबर कुनाचा जोडलाय? मी रुपया काढला की मेसेज तुमच्या खिशात वाजतोय. बोला की, कुनाचा नंबर हाय?"

दळणाला आलेल्या रंगुबाईनं नोट पुढं केली. सत्यशीलानं ती त्याच्यादेखत कनवटीला खोचली.

बिभीषणनं खिशातला मोबाईल चाचपला आणि तो गिरणीबाहेर पडला.