आज काय बिघडवायचं

कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना काजं पाडायची, म्हणून सगळे तिला काजबाई म्हणायचे. नवरा कधी न्यायला आला तर तोही दारातूनच "काजबाई आहेत का?" असं साळसूदपणे विचारायचा आणि आतल्या बाया खिदळायच्या. काज म्हणजे बटणाचं भोक. मशीन आधी दोऱ्याची किनार विणतं, मग मधोमध पातं खट्कन खाली येतं. पातं पडलं की पडलं. शर्ट दुकानात जाणार की पुसायच्या फडक्यात, हे त्या एका खटक्यात ठरतं. काजबाईचा हात कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण हल्ली संध्याकाळी सुटी झाली की हीच बाई भाजीच्या गाडीपुढं उभी राहून कोबीच्या गड्ड्याकडं अशी बघत बसायची, की जणू आता कोबीच तोंड उघडून काहीतरी सांगेल.

"घ्यायचाय, का नुसताच त्याला लाजवायचाय?" भाजीवाली म्हणायची.

रात्रीच्या जेवणाला काय करावं, हा प्रश्न काजबाईला लग्न झाल्यापासून कधी पडलाच नव्हता. पडणार कसा? घरात सासूबाई होत्या. पोरींच्या वसतिगृहाचं अख्खं स्वयंपाकघर त्यांनी उभ्या आयुष्यभर हाकलेलं. तिथली पातेली माणूस आत बसेल एवढी, आणि बाईंचा आवाज त्या पातेल्यांहून मोठा. घरातही तेच. काजबाई सकाळी चपला पायात सरकवायला लागली की मागून हुकूम यायचा, "आज वांगी. रस्सा पातळ ठेव, पण पाणी ओतू नको म्हशीला पाजल्यासारखं. आणि कालचा भात आहे, तो फोडणीला टाक. टाकून दिलास तर याद राख." काजबाई "हो आई" म्हणायची आणि जिना उतरायची. हुकूम डोक्यात पक्का बसलेला असायचा. दिवसभर हात काजं पाडायचे, संध्याकाळी तेच हात वांगी चिरायचे. मधे विचार करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सासूबाई न्हाणीत घसरल्या. कंबरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि बाहेरच्या खोलीत त्यांची खाट पडली. दोनच खोल्या, खाटेवरून उघड्या दारातून थेट शेगडी दिसायची. काजबाईनं मनात म्हटलं, संपलं. आता मोहरी तडतडायच्या आधी ही बाई तडतडणार.

झालं भलतंच. पहिल्याच सकाळी तिनं चपला घालता घालता विचारलं, "आई, आज काय करू?"

सासूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "करा काय करायचं ते."

रोज तेच. करा काय करायचं ते. ताट पुढं ठेवलं की दोन घास खायच्या, "छान आहे" म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही दोष नाही. खाण्यावरचं मन उडालंय. नवीन नवीन काहीतरी करून घाला." चिठ्ठीवर औषध लिहून द्यावं इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं.

तेवढ्यात नणंद येऊन गेली. नवऱ्याची थोरली बहीण. लांब राहायची, आगगाडीचा अर्ध्या दिवसाचा पल्ला. आईचा दंड हातात धरून तिनं बघितला आणि स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, "ही नुसती वाळत चाललीय. महिनाअखेरीला मी येते. तोवर अंगावर काही दिसलं नाही, तर घेऊन जाते माझ्याकडं. मग रुसायचं नाही कुणी."

तुम्ही म्हणाल, बरं झालं की. जिनं जन्मभर म्हैस, गाढव करून करून पिडलं, ती बला आपण होऊन दुसऱ्या घरी चालली. काजबाईलाही वाटलं होतं तसं, जिना उतरेपर्यंत. खाली रस्त्यावर पोचेस्तोवर तिचं मन फिरलं. ही बाई गेली तर आपण रोज संध्याकाळी कुणाला भ्यायचं, हे तिला कळेना. आणि शिवाय, सासू आपल्या हातचं खाऊन वाळली, हे उद्या सगळीकडं सांगितलं जाणार, ते वेगळंच.

मग तिनं नव्याचा शोध सुरू केला. डबे उघडले की कारखान्यात सगळ्यांना विचारायची, "तुमच्याकडं काल काय होतं?" बटणं लावणारी म्हणाली, भोपळा भाजून त्यावर लसूण घाल. इस्त्रीवाल्यानं अंडी टोमॅटोच्या रश्श्यात सोडायला सांगितली. कापड बेतणारे कटर मास्तर म्हणाले, "मासा लिंबात बुडवून ठेव. माझी बायको करते. मी खात नाही, पण लोक म्हणतात चांगला असतो." घरी मुलगी फोनवर कुणाकुणाचे स्वयंपाक लावून दाखवायची. त्यातली बाई चिमूट चिमूट काहीतरी टाकत हसत असायची आणि काजबाईला वाटायचं, हिच्याकडं सासू नसणार.

रोज नवीन पदार्थ. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, हाताचं ग्रीस काढता काढता पातेल्यात डोकावून म्हणायचा, "आज हे काय आहे? म्हणजे, चावायचं का प्यायचं?" मुलगी बोटं चाटायची. आणि सासूबाई? दोन घास. "छान आहे." ताट बाजूला.

त्या "छान आहे"नं काजबाईचं काळीज कुरतडायला घेतलं होतं.

एके संध्याकाळी नळाला पाणी आलं म्हणून ती बादल्या लावायला धावली आणि डाळ बुडाला लागली. टाकून नवीन लावायला वेळ नव्हता. वरवरची काढून तिनं वाढली आणि मान खाली घालून बसली.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. थांबल्या. नाकपुड्या फुलल्या.

"करपवलीस?"

"आई, पाणी आलं होतं..."

"पाणी आलं होतं! हातभर अंतरावर शेगडी, आणि नाक काय कारखान्यात ठेवून आलीस? अगं, शेकडो पोरींची डाळ लावली मी, एकदा म्हणून खाली लागली नाही. आच मोठी ठेवून उंडारायला गेलीस. कांदा आणि लिंबू आण इकडं. असं बसलीस काय माझ्या मयताला आल्यासारखी?"

कांदा आला, लिंबू आलं. सासूबाई बोलत राहिल्या आणि बोलता बोलता खात राहिल्या. भात संपला. "टाकून द्यायचं नाही. अन्न आहे ते, तुझ्यासारखीच्या हाती लागलं हा त्याचा गुन्हा नाही," असं म्हणून आणखी मागितला. नवरा घास हातात धरून बायकोकडं बघत राहिला, बायको सासूकडं.

दुसऱ्या दिवशी तिनं जीव ओतून स्वयंपाक केला. दोन घास. छान आहे.

तिसऱ्या दिवशी रश्श्यात मीठ दोनदा घातलं. सासूबाई उठून बसल्या. खाटेची कड धरून त्यांनी सुनेच्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि ताट पुसून खाल्लं.

काजबाईला गणित उलगडलं. पण गणित सोपं नव्हतं. नीट स्वयंपाक करण्यापेक्षा नीट बिघडवणं अवघड असतं. बिघडलं तर पाहिजे, पण खाता आलं पाहिजे. आणि चूक रोज नवी पाहिजे, तीच पुन्हा केली की सासूबाई नुसतं "पुन्हा?" म्हणायच्या आणि मलूल व्हायच्या. आता ती डब्याच्या वेळी विचारायची, "तुमच्या हातून स्वयंपाकात आजवर काय काय बिघडलंय?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कबूल कोण करतंय!

"माझ्या हातून काहीच नाही," बटणवाली म्हणाली.

"हिच्या हातून नशीब बिघडलं होतं, नवऱ्याचं," इस्त्रीवाला म्हणाला.

हळूहळू एकेक तोंड उघडलं. कुणी भातात पाणी जास्त घालून खळ केली होती. कुणी पालेभाजीतली वाळू तशीच ठेवून दात किरकिरवले होते. काजबाई ऐकून घ्यायची आणि मशीनवर बसून ठरवायची, आज काय बिघडवायचं.

"अगं, आईपुरतं वेगळं बिघडव की," नवरा कुजबुजला. रोज खारट, आंबट, कच्चं गिळून त्याचा चेहरा उतरला होता.

"त्यांना खाटेवरून पातेलं दिसतं. वेगळं काढलं तर विचारतील. आणि एकदा कळलं, की मुद्दाम करते, मग त्या रागावतील कशाला?"

"मग आम्ही?"

"तुम्ही येताना पाव आणा. बाहेर जिन्यात खा."

बापलेक जिन्यात उभे राहून पाव खायचे आणि आत सासूबाईंचा पट्टा चालू असायचा. गालावर मांस धरायला लागलं. काठी टेकत त्या स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत यायला लागल्या, कारण खाटेवरून दिलेल्या शिव्या त्यांना पुरेनात.

महिना संपायच्या आधीच, न कळवता, नणंद आली. ताटं मांडलेली होती. त्या दिवशी काजबाईनं कोबीत मिठाच्या जागी साखर घातली होती, आणि हात अंमळ सढळ पडला होता. नणंदेनं आईच्या ताटातूनच एक घास उचलला आणि तो गिळावा की थुंकावा हे तिला ठरवता येईना.

"आई, तू हे खातेस?"

"खाते? रोज खाते!" सासूबाईंना आयताच श्रोता मिळाला. "काल डाळ कच्ची. परवा भाताची पेज. त्याच्या आदल्या दिवशी वाळू. ही माझा जीव घ्यायला बसलीय, दुसरं काही नाही."

नणंदेनं भावजयीला आत ओढलं. दार लोटलं.

"ताई, तुम्ही त्यांचे गाल बघा ना. काठीनं चालतात आता. चांगलं केलं की त्या खात नाहीत, बिघडलं की खातात. म्हणून मी मुद्दाम..."

"मुद्दाम?"

"हो, म्हणजे..."

"तू मुद्दाम माझ्या आईच्या ताटात असलं वाढतेस?"

"ताई, हळू बोला. त्यांना कळलं तर सगळं मुसळ केरात."

"म्हणजे लपवून चाललंय हे!"

काजबाईनं जे सांगावं ते बाहेर पडताना भलत्याच रूपात बाहेर पडत होतं. नवरा मधे पडला, "ताई, अगं, खरंच तसं आहे," तर नणंद म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्या शर्टावर पावाचा चुरा दिसतोय मला. तू जिन्यात खातोस आणि आई हे खाते."

नवऱ्यानं शर्ट झटकला. चुरा होताच.

नणंदेनं बाहेर येऊन विचारलं, "आई, येतेस माझ्याकडं?"

सासूबाईंनी सुनेकडं बघितलं. का बघितलं ते सुनेला कळलं नाही. आत्ताच एवढ्या मोठ्या आवाजात जीव घेते म्हणून सांगून झालं होतं. आता नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

"ने," त्या म्हणाल्या. "निदान मीठ तरी मिळेल."

त्या गेल्या. खाट रिकामी झाली. काजबाई स्वयंपाक करायची, तो बरा व्हायचा, बापलेक खोलीत बसून जेवायचे. विचारायला कुणी नव्हतं आणि ओरडायलाही.

नणंदेचा पहिला फोन आला तेव्हा तिचा आवाज चढा होता: आईला मऊ भात घातला, आई छान आहे म्हणाली. दुसऱ्या वेळी थोडा उतरला. मग एका संध्याकाळी, इथं डाळ शिजत असताना, तिचा पुन्हा फोन आला.

"ताई?"

"दोन घास खाते गं," ती म्हणाली. "काल मी डाळ करपवली. मुद्दाम. तू म्हणालीस तसं."

"मग?"

"चांगली झालीय म्हणाली. पाठीवरून हात फिरवला माझ्या." तिकडं दार लोटल्याचा आवाज आला. "मी काय करू सांग."

काजबाई काय सांगणार? लेकीला कोण बोलतं? बोलायचं ते सुनेला. हे तिला आधी सुचायला हवं होतं आणि सुचलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं.

"त्यांना फोन द्या," ती म्हणाली.

तिकडं खुडबुड झाली. मग म्हातारीचा श्वास ऐकू आला.

"आई, मी बोलते." काजबाईनं शेगडीकडं पाठ केली, कारण डाळ अगदी हवी तशी शिजत होती आणि तिला ती बघवत नव्हती. "आई, आज सगळं वाया गेलं बघा. दूध नासलेलं तेच कालवणात ओतलं. भात जाळला. तुमचं ते मोठं पातेलं, ते घासताना चेपवलं मी. कालची भाजी होती ती सगळी टाकून दिली."

नवरा आणि मुलगी दारात येऊन उभे राहिले.

"आई, टाकून दिली म्हटलं. सगळी."

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, लांबून आल्यासारखा. "दमतेस तू. होतं असं कधी कधी. पोरीला वेळेवर जेवायला घाल."

काजबाईनं हात मागं नेऊन शेगडी बंद केली.

फोन पुन्हा नणंदेच्या हातात गेला. "काय म्हणाली? बोलली ना बरंच? इतकं आठवडाभरात बोलली नव्हती. आता सुधारेल बहुतेक. नाही का? अगं, बोल की. नाही का?"