सुट्टीवरून किती परत येतात

अबू धाबीजवळच्या मुसफ्फात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. नव्या कंपनीचं काम घ्यायचं तर मॅनेजरच्या केबिनआधी मी त्यांच्या लेबर कॅम्पात जायचो आणि स्वयंपाक्याला विचारायचो, "पिछले साल जो छुट्टी पे गए, उनमें से कितने वापस आए?" माणसं परतत नसतील तर पगार रखडतोय किंवा फोरमन हरामखोर आहे, हे समजावं आणि निघावं. या एका प्रश्नानं मला कितीदा तरी वाचवलं.

मुलीच्या कॉलेजला मात्र मी तो विचारला नाही.

दुबईतल्या एका हॉटेलात अमेरिकन कॉलेजांचा मेळा भरला होता. एका टेबलावर तळ्याचे, लाल पानांच्या झाडांचे फोटो. लहानसं कॉलेज, वर्गात जेमतेम पंधरा जण, साहित्यापासून विज्ञानापर्यंत सगळं शिकायचं, प्राध्यापक प्रत्येकाला नावानं ओळखतात. मुलगी हरखली. मी खुर्ची पुढे ओढून घासाघीस सुरू केली. स्कॉलरशिप वाढवून घेतली, शाकाहारी जेवण कबूल करून घेतलं, विमानतळावर न्यायला गाडीसुद्धा. परतताना बायको म्हणाली, "कॉलेज घेतलंत की वांगी?" मी खूश होतो.

पहिलं वर्ष संपवून जूनमध्ये मुलगी सुट्टीला आली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, आय ॲम नॉट गोइंग बॅक."

"का? जेवायला देत नाहीत?"

"देतात. रोज सॅलड. जिच्यासाठी गेले ती बायॉलॉजीची मॅडम डिसेंबरातच सोडून गेली, दुसरी आलीच नाही. शुक्रवारी सगळे घरी पळतात, हॉस्टेलात मी आणि वॉचमन. माझ्या मजल्यावरच्या निम्म्या मुली सोडतायत. एव्हरी इयर इट्स लाइक दॅट."

दरवर्षी! मी कॉलेजला फोन लावला. पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत येतात? फोनवरची बाई क्षणभरही अडखळली नाही. आकडा तिला तोंडपाठ होता. तिकडे प्रत्येक कॉलेज तो काढून ठेवतं म्हणे.

"मग मेळ्यात का नाही सांगितलात?"

"सर, यू डिडन्ट आस्क." आवाज मधाळ.

मी फोन आपटला. कॅम्पातला स्वयंपाकी मला खरं सांगतो, आणि ही शिकली-सवरलेली मंडळी तळ्याचे फोटो दाखवतात! मुलीनं पुण्यात पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं, वर्षानं लहान मुलींच्या बाकावर. तिनं कधी तक्रार केली नाही. त्यानं मी जास्तच पेटायचो.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम मेळ्याला गेलो. त्याच टेबलाशी एक मल्याळी गृहस्थ मुलाला घेऊन बसले होते, फीवरून अडून. मी वाकून म्हणालो, "पहले ये पूछो, एक साल के बाद कितने बच्चे वापस आते हैं."

त्यांनी मान वर न करता मला हातानं थोपवलं. "एक मिनिट, भाईसाब. पहले डिस्काउंट होने दो."