जपानी निघालेली गिटार

सत्तरच्या दशकात नागपुरात आमचा छोटा ऑर्केस्ट्रा होता. त्यात गिटार वाजवणारे आम्ही दोघं होतो आणि दुसरा माझ्याहून सरस होता. त्याचा मोठा भाऊ कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला होता. त्यानं धाकट्यासाठी मुंबईहून लाल इलेक्ट्रिक गिटार आणली आणि ती अमेरिकन असल्याचं सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.

मला पाहताक्षणीच शंका आली. दोघे भाऊ तालमीला आले, तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांसमोर गिटारीच्या मानेमागची लोखंडी पट्टी उघडली. आतल्या बाजूला ‘मेड इन जपान’ कोरलेलं होतं. त्या काळी जपानी म्हणजे नकली, असाच आमचा समज होता.

“तुम्हाले फसवलं, भाऊ. हे तर खेळणं आहे,” मी म्हणालो. सगळे हसले.

“मले तर दुकानदारानं अमेरिकन सांगून देल्ली,” मोठा भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाला.

खरं तर तिचा आवाज माझ्या गिटारीपेक्षा कितीतरी गोड होता. ते कळलं होतं, म्हणूनच मी ती उघडली होती.

आठवड्यातच धाकट्यानं ती विकायला काढली. मीच घेतली, जुन्या रेडिओच्या भावात. तो पुन्हा तालमीला आला नाही.

पुढे एका लग्नात मी तीच वाजवत होतो. मोठा भाऊ स्टेजजवळ आला. “बरी वाजते का गा?” त्यानं हळूच विचारलं.

“चालून जाते,” मी म्हणालो आणि पुढचं गाणं सुरू केलं.