जिन्यातली पाच मिनिटं

काचवाल्याचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. लोकांच्या खिडक्यांना तावदानं बसवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरातली तावदानं दोनदा फोडली होती आणि मुकाट्याने दोनदा बसवलीही होती. गिऱ्हाईक घरातच आहे, असं शेजारी म्हणायचे.

मग त्याने एक युक्ती काढली. डोकं तापलं की चकार शब्द न काढता जिन्यात जायचं, एक सिगारेट ओढायची आणि पाच मिनिटांनी परत यायचं. नऊ वर्षं घरात काच फुटली नाही. लेक त्याच काळात जन्मली, मोठी झाली. बापाचा हात उठलेला तिने कधी पाहिला नव्हता.

यंदा खोकल्याने छातीत घर केलं. डॉक्टर म्हणाले, "अजून वर्षभर ओढलीत, तर माझ्याकडे येऊ नका." बायकोने त्याच दिवशी पाकीट पाण्यात बुडवलं. रागासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी दिली. राग निवला खरा, पण हातही मंदावला. काच कापायची हिरकणी एका दमात ओढावी लागते. मध्ये थांबलं, की काच भलतीकडेच तडकते. आठवड्यात सात काचा वाया गेल्या. दुकानाचा मालक म्हणाला, "आठवी गेली तर घरीच बस." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने कुणाला न सांगता गोळी सोडली.

रविवारी दुपारी लेकीच्या हातून काचेचा पेला पडला. एवढंच. तो सवयीने जिन्यात गेला, रिकामे खिसे चाचपले आणि अर्ध्या मिनिटात परत आला. लेकीच्या कानाखाली बसली. ती रडली नाही. आईच्या मागे सरकून त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोळी कधीपासून बंद आहे?" बायकोने विचारलं.

"आठ दिवस झाले. गोळी घेतली की काच कापता येत नाही गं."

तिने चपला घातल्या, लेकीचा हात धरला आणि बाहेर पडली. गेली, आता सगळं संपलं, असं म्हणत तो पेल्याचे तुकडे वेचत बसला.

थोड्या वेळाने दोघी परतल्या. लेक दारातच थांबली. बायकोने टेबलावर सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी ठेवली.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले..."

"ऐकलंय मी. शेजारीच बसले होते तुमच्या." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "जा जिन्यात."

तो पाकीट घेऊन निघाला. त्याला वाट द्यायला लेक बाजूला झाली, लागत होती त्याहून बरीच लांब.