जानकीपुरमचा बालेकिल्ला

बाबांनी घर विकायला नकार दिला आणि गच्चीवरच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. दोन्ही गुडघे गेलेला माणूस, आणि म्हणे, "हा माझा बालेकिल्ला. खालचं सगळं घ्या, हा मिळणार नाही."

मी त्या दोघांना पुण्याला न्यायलाच आले होते. म्हातारपणी इथे लखनौच्या जानकीपुरमात यांना बघणार कोण? आई तयार होती. गिऱ्हाईक दुपारी घर बघायला येणार होतं. आणि हे वर चढून बसलेले. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तमाशा पुरे."

आतून प्रवचन सुरू झालं. जन्मभर प्रयोगशाळेत औषधं तपासली, पण किल्ल्यांचं वेड काही सुटलं नाही. "बाला म्हणजे वरचा. शब्द फारसी आहे. टीव्हीवाले कुठल्याही मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. माची पडली, तट पडला, तरी शेवटची माणसं धान्य-दारूगोळा घेऊन जिथे तग धरतात, तो बालेकिल्ला."

"आणि तुमच्याकडे काय आहे?"

"बिस्किटं."

शेजारच्या गच्चीवर उर्दूचे निवृत्त मास्तर कपडे वाळत घालत होते. "सही फ़रमाया," ते म्हणाले. "हम लखनऊवाले तो मलाई को भी बालाई कहते हैं, बेटा. जो दूध के ऊपर रहे." एवढं बोलून घरात गेले आणि कठड्यावरून हात लांबवून त्यांनी खिडकीत वाटीभर बालाई सरकवली. घ्या. वेढा माझा आणि रसद शेजाऱ्यांची.

"बालेकिल्ला बाहेरून पडत नाही," बाबा खाता खाता म्हणाले. "दार आतूनच उघडावं लागतं."

मग काय, मी खाली जाऊन आईला गळ घातली. तिच्यासाठी ते नक्की उघडतील. आई कुरकुरत, दर दोन पायऱ्यांना टेकत वर आली. हातात डबा होता. मला वाटलं, आमिष.

"अहो, उघडा."

कडी निघाली. आई आत गेली. कडी पुन्हा लागली.

"आई?"

मी दार वाजवलं.

"तुला तोंडावर नाही म्हणवेना गं," आई आतून म्हणाली. "यांच्यासारखं भांडता येत नाही मला."

मी पायरीवर बसले. राग होताच, पण रडूही येत होतं. खाली बेल वाजली.

"तो माणूस आला वाटतं," आई म्हणाली. "उन्हातून आलाय बिचारा. त्याला चहा दे आणि पाठवून दे."